बाग काढू की ठेवू?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

मी सांगोला तालुक्यातला छत्तीस वर्षांचा शेतकरी आहे. वडिलांनी २०१४ साली बोरीची जुनी बाग काढून तीन एकरांत भगवा जातीच्या डाळिंबाची ८७० झाडे लावली. पहिली काही वर्षे चांगली गेली. शेततळे झाले, बहिणीचे लग्न झाले. मग तेल्या रोग आला. २०२० मध्ये वडील गेले. तीन वर्षांपूर्वी मर (झाडे उभी वाळवणारा रोग) सुरू झाली. पहिल्या वर्षी ३८, पुढच्या वर्षी ९० आणि गेल्या वर्षी १६५ झाडे वाळली. त्यांतली विहिरीजवळच्या वरच्या एकरातली १४ आहेत, बाकीची ओढ्याकडच्या दोन एकरांतली. गेल्या मृग बहाराला (पावसाळ्यात धरलेल्या फळाच्या हंगामाला) ३ लाख ४० हजार खर्च आला आणि साडेतीन टन माल सरासरी साठ रुपये किलोने गेला. बँकेचे पीककर्ज ३ लाख आहे, औषध-खताच्या दुकानाची उधारी ४ लाख २० हजार आहे. पत्नी म्हणते, जेसीबी लावा आणि मोकळे व्हा. आई म्हणते, मालकांनी लावलेली बाग माझ्या डोळ्यांदेखत काढू नका. शेजारी म्हणतो, धीर धर, एक बहार साधला की सगळे फिटते. मेहुणा चाकणला कंपनीत ये म्हणतो. बाग सध्या ताणावर आहे, म्हणजे पाणी तोडले आहे, आणि मृगाचे पाणी सोडायचे की नाही हे पंधरा दिवसांत ठरवायचे आहे. बाग काढली तर मी हरलो असे होईल का? आणि ठेवली तर ती जिद्द म्हणायची की हट्ट?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. ओढ्याकडच्या खालच्या दोन एकरांतली बाग मृगाचे पाणी न सोडता आताच काढावी. विहिरीजवळचा एकर ठेवावा आणि त्याच्यासाठी कंबर कसावी. आणि चाकणचा विचार निदान पुढच्या पाडव्यापर्यंत बाजूला ठेवावा. हे मत कशावरून बनवले ते सविस्तर लिहितो, कारण निर्णय तुमचा आहे, आणि कारणे पटली नाहीत तर केवळ माझ्या सांगण्यावरून तुम्ही वडिलांच्या हातची झाडे उपटावीत असे मला मुळीच वाटत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. वाळलेल्या २९३ झाडांपैकी वरच्या एकरातली फक्त १४ आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि लगेच खर्चाच्या हिशेबाकडे वळला आहात. सगळ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती माझ्या दृष्टीने तीच आहे. घरातले सगळेजण ‘बाग’ असा एकच शब्द वापरतात आणि ती काढायची की ठेवायची यावर अडून बसतात. प्रत्यक्षात तुमच्याकडे दोन बागा आहेत. एकीत २९० पैकी २७६ झाडे उभी आहेत, दुसरीत ५८० पैकी ३०१ उरली आहेत. या दोघींना एकच न्याय लावला, तर काढण्याचा निर्णय घेतला तरी चूक होईल आणि ठेवण्याचा घेतला तरी चूकच होईल.

माझी स्वतःची चूक इथे सांगितली पाहिजे, कारण ती तुमच्या भीतीच्या अगदी उलट दिशेची आहे. मी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातला, मोसम नदीच्या खोऱ्यातला. २००३ नंतरच्या काही वर्षांत आमच्याकडे, शेजारच्या देवळा आणि मालेगाव तालुक्यांत तेल्याने डाळिंबाची दाणादाण उडवली, आणि २००८ च्या पावसाळ्यात माझ्या दोन एकरांवरही तो उतरला. फळावर आधी तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग दिसायचा, आठवड्याभरात तो काळा पडायचा आणि मग फळाला इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखी चीर जायची. चिरलेल्या फळांचे क्रेट मी चार दिवस बांधावर नेऊन ओतत होतो. पाचव्या दिवशी रात्री झोप आली नाही, सकाळी उठून ट्रॅक्टरवाल्याला बोलावले आणि संध्याकाळपर्यंत बाग साफ केली. त्या क्षणी मला फार मोकळे वाटले, हे कबूल करतो.

आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने त्याच वर्षी बाग ठेवली. त्याने पावसातला मृग बहार धरणे सोडले, बागेला पूर्ण विश्रांती दिली, खाली पडलेले एकेक पान आणि फळ पोत्यात भरून जाळले, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर औषधाच्या बादलीत बुडवली, आणि पुढच्या वर्षी पावसाळा सरताना येणारा हस्त बहार धरला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बांधावर व्यापाऱ्याची गाडी उभी राहिली तेव्हा मी पलीकडे कांद्याच्या रोपात वाफ्यावर बसून ती बघत होतो. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर, दमट हवेत, रोगट गुटी कलमांतून आणि न धुतलेल्या कात्रीतून पसरतो. तो समूळ नाहीसा होत नाही, पण माणसाने बहार बदलला, स्वच्छता पाळली, बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुन्याच्या) फवारण्या वेळेवर केल्या, तर पुढच्या हंगामात त्याचा जोर कमी झालेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. म्हणजे आपल्या कष्टाला तो उत्तर देतो. अशा रोगासमोर टिकून राहण्यात अर्थ होता आणि मी टिकलो नाही, कारण मी चार दिवसांच्या नुकसानीवरून आणि एका रात्रीच्या संतापावरून निर्णय घेतला होता.

मर हे प्रकरण निराळे आहे. ती बहुतेक वेळा सेरॅटोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे येते, आणि मुळांवरचे सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) व खोडाला टाचणीएवढी छिद्रे पाडणारा भुंगेरा तिला वाट मोकळी करून देतात. २०२१ आणि २०२२ या वर्षांत तुमच्या सांगोल्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत या भुंगेऱ्याने आणि मरने किती बागा रिकाम्या केल्या हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. ही बुरशी खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. आधी एका बाजूची फांदी पिवळी पडते, मग पाने झाडावरच वाळतात, फळे लहान राहून लटकत राहतात. पिवळेपणाच्या अगदी सुरुवातीला झाडाच्या बुडाशी औषधाची आळवणी केली तर काही वेळा उपयोग होतो आणि शेजारच्या निरोगी झाडांना संरक्षणही मिळते. पण एकदा झाड बसले की ते परत उठत नाही, आणि त्या झाडाला घातलेले खत, पाणी, औषध आणि तुमचा घाम यांतले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय ती मुळांतून, मातीतून आणि वाहत्या पाण्यातून पुढच्या झाडाकडे जाते. भारी जमिनीत, ओढ्याच्या कडेला, जिथे पावसाचे पाणी दिवसचे दिवस मुरत राहते, तिथे तिला कोणी अडवणारे नसते.

जिद्द आणि हट्ट यांत फरक कसा करायचा हे तुम्ही विचारले आहे, आणि मला या दोन रोगांपलीकडे जाऊन त्याचे उत्तर शोधावेसे वाटत नाही. गेल्या तीन वर्षांत तुम्ही फवारण्या वाढवल्या, स्लरी दिली, दुकानदाराने सुचवलेली प्रत्येक बाटली आणली. आणि त्याच तीन वर्षांत मेलेल्या झाडांचा आकडा ३८ वरून ९० वर आणि ९० वरून १६५ वर गेला. दरवर्षी साधारण दुप्पट. तुमचे कष्ट वाढत गेले आणि आकडा त्या कष्टांची दखल न घेता आपल्या चालीने चालत राहिला. हीच चाल राहिली तर येत्या वर्षी तीनशेच्या आसपास झाडे जातील, आणि खाली उरलेली झाडेच ३०१ आहेत. वरच्या एकरात मात्र तीन वर्षांत १४. तिथे तुमची मेहनत कामी येते आहे, किंवा निदान जमीन तुमच्या बाजूने आहे.

आता पैशांचे. कागदावर खालची ३०१ झाडे अजूनही मोह घालतात हे मला समजते, कारण झाडाला पंधरा किलो धरले तर साडेचार टन होतात आणि साठ रुपयांनी पावणेतीन लाखांच्या जवळ रक्कम दिसते. हा हिशेब रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या सगळेच शेतकरी करतात. त्यात एक गोष्ट राहून जाते: ३०१ झाडे मृगात उभी असतील, पण काढणीला उभी नसतील. मर लागलेले झाड बहाराच्या ओझ्याखाली लवकर बसते, म्हणजे खत, औषध, छाटणी, मजुरी असा बहुतेक खर्च होऊन गेल्यावर, फळ लिंबाएवढे असताना. तुमच्या ३ लाख ४० हजारांच्या खर्चातला दोन तृतीयांश, म्हणजे सव्वादोन लाखांहून थोडा अधिक, खालच्या दोन एकरांवर जातो असे धरले, तर ते सव्वादोन लाख या वर्षी न खर्चणे हीच तुमची पहिली कमाई आहे, आणि ती निसर्गावर किंवा बाजारावर अवलंबून नाही.

वरच्या एकराचा हिशेब उलट बाजूने करून पाहा. २७६ झाडे, आणि झाडामागे नुसते बारा किलो धरले, तरी तीन टन तीनशे किलो होतात. गेल्या वर्षी तीन एकरांतून तुम्हाला मिळाले साडेतीन टन. म्हणजे एका एकराची नीट निगा राखली तर जवळजवळ तेवढाच माल एक तृतीयांश खर्चात निघू शकतो. निघेलच असे मी म्हणत नाही. शेतीत असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

पण माझ्या या आकडेमोडीवर तरी का विसंबावे? येत्या रविवारी एक करवत घ्या आणि खालच्या शेतात जा. आधी एखाद्या वाळलेल्या झाडाचे खोड जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवे कापा. आतल्या लाकडात मध्यापासून बाहेर गेलेले करड्या-तपकिरी रंगाचे, चांदणीसारखे फाटे दिसले तर ती मरची खूण. नंतर त्याच ओळीतल्या, हिरव्या दिसणाऱ्या पण एका बाजूने जराशी मलूल असलेल्या झाडांपैकी चार-पाच निवडा आणि त्यांचीही खोडे कापून पाहा. खोडावर टाचणीएवढी छिद्रे आणि त्यांतून गळालेला बारीक भुसा आहे का, तेही बघा. हिरव्या दिसणाऱ्या झाडांच्या पोटातही ती चांदणी निघाली, तर तुमच्या मनातली उरलेली शंका तिथेच फिटेल. निघाली नाही, तर मला कळवा आणि जेसीबी थांबवा. त्याच दिवशी मुळे आणि मुळांभोवतीची माती पिशवीत भरून सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात घेऊन जा. तिथे वर्षानुवर्षे याच पिकावर काम चालते. सूत्रकृमी आहेत का, बुरशी कोणती आहे, वरच्या एकरात आळवणी कशाची आणि किती करायची, हे तिथले शास्त्रज्ञ माझ्यापेक्षा आणि तुमच्या दुकानदारापेक्षा नक्कीच नेमके सांगतील.

दुकानदाराचा विषय निघाला म्हणून लिहितो, आणि यात कुणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. धीर धर असे सांगणाऱ्या माणसाचे त्या धीरात काय गुंतलेले आहे, हे एकदा पाहावे. तुमची ४ लाख २० हजारांची उधारी बहाराच्या पैशातून फिटेल अशी दुकानदाराची समजूत आहे. बाग गेली तर पैसे बुडाले असे त्याला वाटणार, म्हणून तो तुम्हाला आणखी एक बहार धरायला सांगणार आणि त्यासाठी आणखी उधार माल देणार. शेजाऱ्याची स्वतःची बाग आहे. तुमच्या शेतात जेसीबी आला की त्यालाही आपल्या झाडांकडे नव्याने बघावे लागेल, आणि ते कुणालाच नको असते. दोघेही तुमचे वाईट चिंतत नाहीत. पण त्यांचा सल्ला घेताना एवढे लक्षात असू द्या की कर्ज बाग ठेवली तरी फेडायचे आहे आणि काढली तरी फेडायचेच आहे. फरक इतकाच की ठेवली तर ते सव्वासात लाखांवरून साडेनऊ लाखांच्या दिशेने जाण्याची शक्यता आहे. दुकानदाराकडे तुम्ही स्वतः जा, बाग काढण्याच्या आधी जा, वहीत उधारीचा आकडा दोघांनी मिळून पक्का करा आणि हप्ते बांधून घ्या. लपवून बाग काढली आणि त्याला तिसऱ्याकडून कळले, तर संबंध तुटेल. बँकेत शाखाधिकाऱ्याला भेटून पीक बदलत असल्याचे सांगा आणि कर्जाच्या पुनर्गठनाची लेखी विचारणा करा. ई-पीक पाहणीत खालच्या दोन एकरांची नोंदही त्या हंगामातच बदला. फळपीक विम्यावर मात्र भरवसा ठेवू नका; तो पाऊस, तापमान, आर्द्रता अशा हवामानाच्या निकषांवर चालतो आणि मर हा त्या निकषांत बसणारा विषय नाही.

बाग काढताना दोन-तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागेल, नाहीतर खालचे दुखणे तुम्हीच वर घेऊन जाल. जेसीबी ओढ्याच्या बाजूने आत घाला, वरच्या एकरातून नेऊ नका. झाडे मुळांसकट उपटा आणि ओढत न नेता तिथल्या तिथे जाळा. सरपणाचा मोह प्रत्येकाला होतो, माझ्या आईलाही झाला होता, पण ते लाकूड घरामागे किंवा विहिरीपाशी रचून ठेवले तर त्यातला भुंगेरा तिथूनच वरच्या बागेत जाईल. खालच्या ठिबकच्या नळ्या वर वापरू नका आणि कात्री, कुदळ, फावडे वरच्या शेतासाठी वेगळी ठेवा. तुमच्या सुदैवाने उतार वरून खाली आहे, म्हणजे खालच्या शेतातले पाणी वर चढत नाही. माणसांनी आणि अवजारांनी मात्र माती वर नेऊ नये.

रिकाम्या झालेल्या दोन एकरांत लगेच पुन्हा डाळिंब लावण्याच्या फंदात पडू नका, मग रोपे टिश्यूकल्चरची असोत की अनुदानातली. माती आहे तीच आहे. पावसाळ्यात एका भागात झेंडू लावा. त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमींचा जोर कमी होतो आणि दसरा-दिवाळीला रोकड हाती येते. उरलेल्या भागात ताग किंवा धैंचा हे हिरवळीचे खत करून गाडा, आणि रब्बीत मालदांडी ज्वारी पेरा. शेजारच्या मंगळवेढ्याची ज्वारी ज्या भारी काळ्या जमिनीत नावारूपाला आली, तसलीच जमीन तुमच्या ओढ्याकाठी आहे. डाळिंबाला जी जमीन जाचते ती ज्वारीला मानवते. ज्वारीत डाळिंबासारखा पैसा नाही हे मला ठाऊक आहे. पण तिला उधारीही लागत नाही, घरात धान्य येते, आणि दारात जनावरे असतील तर कडब्याचे मोल तुम्हाला सांगायला नको.

आता जिथे टिकून राहायचे आहे तिकडे वळतो, आणि इथे मी तुमच्याकडून जास्त मागणार आहे. वरच्या एकराचा ताण मोडा, हलके पाणी सुरू करा, शेणखत द्या आणि मृग बहार सोडून द्या. तेल्या पावसात वाढतो आणि तुम्ही वर्षानुवर्षे फळ पावसातच वाढवत आला आहात. मृग सोडणे म्हणजे पावसाळ्यात आपोआप येणारी लालभडक कळी दर आठवड्याला हाताने खुडून टाकणे, आणि कर्ज डोक्यावर असताना स्वतःच्या हाताने कळी खुडणे किती जड जाते ते मला माहीत आहे. माझ्या शेजाऱ्याची बायको ते काम करताना पदर तोंडाला लावायची. तरीही खुडा. पावसाळाभर झाडांना विश्रांती, खाली पडेल ते गोळा करून जाळणे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. हस्त बहाराची मोठी अडचण अशी की परतीच्या पावसाने जमीन ओली राहते आणि झाडाला ताण बसत नाही; ती अडचण तुमच्या मुरमाड एकरात खालच्यापेक्षा पुष्कळ कमी येईल. दुसरी अडचण पाण्याची, कारण फळ मार्च-एप्रिलपर्यंत झाडावर असते. पण शेततळ्याचे जे पाणी आजवर तीन एकरांना पुरवत होता, ते आता एका एकराला पुरवायचे आहे. खालचे दोन एकर सोडल्यामुळे वरच्याला पाणी, वेळ आणि मजुरी हे तिन्ही मिळते, आणि म्हणूनच हे दोन निर्णय मला वेगळे वाटत नाहीत.

एक अट मात्र आज, डोके शांत असताना, लिहून ठेवा. पुढच्या पाडव्यापर्यंत वरच्या एकरातली पंचवीसपेक्षा जास्त झाडे मरने गेली, तर तीही बाग काढायची; त्यापेक्षा कमी गेली, तर कोणी काहीही म्हणो, आणखी दोन हंगाम ती सोडायची नाही. पंचवीस हा आकडा माझा आहे. केगावला विचारून तुमचा आकडा ठरवा, पण तो आता ठरवा आणि पती-पत्नी दोघांनी सही करून दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवा. मी माझी बाग काढली तेव्हा असा एकही आकडा माझ्यासमोर नव्हता. होते फक्त चिरलेल्या फळांचे क्रेट आणि न झालेली झोप. जे लोक मरची बाग चार-चार वर्षे ओढत राहतात त्यांच्याकडेही असा आकडा नसतो. दर बहाराला ते म्हणतात, एवढा एक बघू, आणि तो ‘एक’ कधीच शेवटचा ठरत नाही.

चाकणविषयी थोडेच लिहितो. शेती सोडायची का हा प्रश्न खोटा नाही आणि कंपनीत जाण्यात कमीपणाही नाही. माणदेशातली कितीतरी घरे बाहेरच्या पगारावर उभी आहेत. पण तो प्रश्न तुम्ही आत्ता विचारता आहात तो मर लागलेल्या दोन एकरांकडे बघून, आणि त्या दोन एकरांचे उत्तर आपण वेगळे दिले आहे. शिवाय हस्त बहाराचे पहिले वर्ष दुरून सांभाळता येणार नाही. पाडव्याला वरच्या एकराचा माल निघेल, ज्वारी घरात आलेली असेल, उधारीचे दोन-तीन हप्ते गेलेले असतील. तेव्हा मेहुण्याला फोन करा आणि त्या दिवशीचे आकडे समोर ठेवून ठरवा.

राहिला आईंचा प्रश्न, आणि मला वाटते तुमच्या पंधरा दिवसांतला सर्वांत कठीण दिवस तोच असेल. तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर असले तरी ते आईंच्या गळी उतरवण्याचे काम तिच्यावर टाकू नका. ‘सुनेने बाग काढायला लावली’ हे वाक्य घरात एकदा आले की पुसले जात नाही. तुम्ही स्वतः सांगा, आणि सांगण्याआधी आईंना खालच्या शेतात घेऊन जा. करवतीने कापलेले खोड त्यांना दाखवा, आतली ती चांदणी दाखवा. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईला मेलेले झाड ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. मग त्यांना वरच्या एकरात न्या आणि मालकांची २७६ झाडे इथे आहेत, ही मी राखणार आहे, असे त्यांच्यासमोर म्हणा.

पत्राच्या सुरुवातीलाच तुम्ही लिहिले आहे की वडिलांनी २०१४ साली बोरीची जुनी बाग काढून हे डाळिंब लावले. ती बोरे कोणी लावली होती, तुमच्या आजोबांनी का? किती वर्षांची होती? ती काढायची ठरली तेव्हा घरात कोण नाही म्हणाले होते, आणि कुऱ्हाड लागली त्या दिवशी तुमचे वडील जेवले होते का? हे सगळे आईंना आठवत असेल. वरच्या एकरात बसलात की त्यांना विचारा.

तुमचा हितचिंतक